अंगठा

माझ्या वडिलांना इंग्रजीचा गंधहि नव्हता. परंतु आपल्या मुलाला तें यावें ही हौस मात्र त्यांना विलक्षण दांडगी होती. आमच्या वेळीं मराठी शाळेंत इंग्रजीचा श्रीगणेशा पांचव्या इयत्तेंत होत असे. पहिलीपासून तें शिकविण्याचा प्रघात महाराष्ट्रांत पडला तो २००० सालीं. तोंपर्यंत मी स्वतःच मास्तर होऊन बसलों होतों. सांगायचें तें असें कीं, मी पांचवींत गेलों त्या जून महिन्यांत आमच्या घरीं लग्नघाईसारखी घाई उडाली. वडिलांनीं कोठूनशी तर्खडकरांची भाषांतर-पाठमाला पैदा केली, पडवीची भिंत चुन्यानें पांढरी करून घेतली, आणि तीवर मीं रोज सकाळीं कोळशानें दहा इंग्रजी शब्द लिहावे असा दंडक घातला. रात्रीं जेवतांना त्या शब्दांची परीक्षा. आतां ज्याला स्वतःला एक अक्षर येत नाहीं तो परीक्षा घेणार कशी, अशी शंका कोणालाहि येईल. पण वडील भिंतीकडे पाहतच नसत. ते माझ्या तोंडाकडे पाहत. अर्थ सांगतांना मी क्षणभर जरी अडखळलों, तरी "हा राहूं दे उद्यांला," असें म्हणून ते आमटीचा भुरका घेत. न अडखळतां सांगितलेला शब्द ओल्या फडक्यानें पुसला जाई. अडखळलेला भिंतीवर राही. कांहीं शब्दांनीं तेथें पंधरा पंधरा दिवस बिऱ्हाड केलें. 'नेसेसरी' हा त्यांतलाच एक. तो लिहितांना मला आजहि कोळशाचा वास येतो.

पुढें घरीं ट्रॅन्झिस्टर आला आणि रात्रीं लघुलहरींवर बी. बी. सी. ऐकण्याचा नाद मला लागला. समजे फारसें कांहीं नाहीं. पण भिंतीवरचा एखादा शब्द त्या खरखरींतून अवचित कानांवर आला, म्हणजे परगांवच्या बाजारांत आपल्या आळीचा माणूस भेटावा तसा आनंद होई.

एवढ्या पूर्वतपस्येवर मी इंग्रजीचा प्राध्यापक झालों. कृष्णाकांठच्या एका तालुक्याच्या गांवीं जवळजवळ तीस वर्षें मीं ही भाषा शिकविली. खिशांतल्या फोनचा मी हाडवैरी होतों. वर्गांत कोणाचा फोन वाजला, तर तो माझ्या टेबलावर येऊन पडे आणि तास संपेपर्यंत तेथेंच मुक्काम करी. परंतु २०२० सालीं महामारीनें महाविद्यालयाच्या दारांना कुलुपें लागलीं, आणि ज्या वस्तूला मीं वीस वर्षें वर्गाबाहेर घालविलें तिच्याच दारांत मला याचकासारखें उभें राहावें लागलें. प्रथम वर्षाच्या शंभरावर मुलांचा एक व्हॉट्सॲप-गट मीं केला. रोज सकाळीं सातच्या ठोक्याला पांच शब्द, त्यांचे मराठी अर्थ आणि प्रत्येकाचें एक एक वाक्य मी त्यावर धाडूं लागलों. महाविद्यालय उघडल्यावरहि मीं तो क्रम सोडला नाहीं. प्रत्येक संदेशाखालीं मुलें उत्तरादाखल तें उभारलेल्या अंगठ्याचें पिवळें चित्र पाठवीत. साठ, सत्तर, एखाद्या सुदिनीं नव्वद अंगठे! चहाचा पेला हातीं धरून मी ते मोजीत बसें. कीर्तनकारानें टाळ्या मोजाव्या तसाच तो प्रकार होता.

शब्द निवडण्यांतहि माझी एक प्रौढी होती. शब्दांची निवड हें शास्त्र आहे, हें मला ठाऊक होतें. आपल्याच हिंदुस्थानांत, ढाक्यास शिक्षणखात्यांत असतां, मायकेल वेस्ट या गृहस्थानें बंगाली मुलांच्या इंग्रजी वाचनाचा सांगोपांग विचार करून १९२६ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला, आणि पुढें १९५३ सालीं सुमारें दोन हजार नित्योपयोगी शब्दांची त्याची यादी प्रसिद्ध झाली. त्याच्या आधीं, १९३० सालीं, ऑग्डेननें तर ८५० शब्दांतच सारा संसार आटोपला होता. उलट पॉल नेशन या न्यूझीलंडमधल्या विद्वानानें २००६ सालीं असा हिशेब मांडला कीं, कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाच्या साहाय्यावांचून वाचावयाचें, तर आठ ते नऊ हजार शब्दकुलें अवगत हवींत. हें सारें वाचून मीं काय करावें? माझ्या आवडीचे शब्द पाठवावे! निबंधकारांच्या लेखांत भेटलेले, जिभेवर घोळवावेसे वाटणारे. 'सेरेंडिपिटी' पाठविला त्या दिवशीं मी दिवसभर खुशींत होतों. दीड वर्षांत हजारावर शब्द झाले. मराठी मुलांच्या पदरांत आपण केवढें धन टाकलें, असें मनाशीं म्हणत मी सुखानें झोंपत असें.

२०२२ च्या जून महिन्याच्या अखेरीस एका दुपारीं तास संपवून मी वर्गाबाहेर पडत होतों. दाराशीं तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी उभी होती. हुशार नव्हे, मठ्ठहि नव्हे. तिसऱ्या बांकावर बसून सारें लिहून घेणाऱ्यांपैकीं. तिच्या हातांत घड्या पडून पडून फडक्यासारखा मऊ झालेला एक कागद होता.

"सर, एक पत्र दाखवायचं होतं."

पत्र एका विमा कंपनीचें होतें. तिच्या वडिलांनीं कर्ज काढून घेतलेली संकरित गाय त्या वर्षींच्या फाल्गुनांत दगावली होती. गाईचा विमा होता. ज्यांच्या घरीं दुभतें जनावर आहे त्यांना सांगावयास नको कीं, विमा उतरलेल्या जनावराच्या कानांत नंबराचा एक बिल्ला मारतात, आणि जनावर मेल्यावर तो बिल्ला कानांत सांपडला नाहीं तर कंपनी पैसे देण्यास खळखळ करते. या गाईचा बिल्ला मरणाच्या आधीं तीन आठवडे काटेरी कुंपणांत अडकून कान फाटून निघाला होता. घरच्यांनीं तो देवघरांत जपून ठेवला होता. पण तो पुन्हां मारून घ्यावयाचा असतो, हें त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें. पत्रांत चार ओळी होत्या. शेवटची अशी: 'द क्लेम स्टँड्स रिप्युडिएटेड.'

चैत्रांत एका संध्याकाळीं तें पत्र आलें, तेव्हां ओट्यावर भावकीचे चार लोक बसलेले होते. वडिलांनीं तें फोडलें आणि मुलीच्या हातीं दिलें. मुलगी कॉलेजांत इंग्रजी शिकते. तिनें तें वाचून दाखवावें आणि चौघांनीं ऐकावें, यापरतें बापाला दुसरें भूषण कोणतें? तिला 'क्लेम' माहीत होता. 'स्टँड' म्हणजे उभें राहणें, हें तर पांचवींच्याहि आधींपासून पाठ. शेवटचा शब्द कोठेंतरी पाहिल्यासारखा वाटला, पण आठवेना. आठ डोळे तिच्या तोंडाकडे लागलेले. ती म्हणाली, "आपला क्लेम उभा आहे, असं म्हणतात."

बापानें कागद कपाळाला लावला आणि देवापुढें ठेवला.

रात्रीं घर निजल्यावर तिनें वडिलांच्या उशाचा फोन हळूच उचलला आणि तो शब्द त्यांत घातला. अर्ध्या मिनिटांत यंत्रानें चोख उत्तर दिलें: नाकारलेला. यंत्राची कांहीं चूक नव्हती. चूक असलीच, तर यंत्र चार तास उशिरा विचारल्याची होती. आणि भावकीसमोर, बापाच्या देखत, बी. ए. ची विद्यार्थिनी फोन काढून शब्द पाहते, हें तिच्या मनाला कसें पटावें? सकाळीं सांगूं, असें तिनें ठरविलें. सकाळीं बाप बाजाराला गेला होता. तेथें त्यानें विम्याच्या पैशांच्या भरंवशावर दुसऱ्या एका गाईसाठीं पांच हजारांचा बयाणा दिला. मग सांगणें आणखी अवघड झालें, आणि दिवसेंदिवस होतच गेलें. चैत्र सरला, वैशाख सरला, ज्येष्ठ संपत आला.

"तुम्ही सांगाल का त्यांना, सर?"

बाप दुसऱ्या दिवशीं महाविद्यालयांत आला. मीं शक्य तितक्या हलक्या हातानें तें सांगितलें. तो बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बयाणा ग्येला तर जाऊं द्या, सर. पण पोरगी दोन म्हैनं धड जेवली न्हाई, त्याचं कारण आज कळलं."

आम्हीं तिघांनीं बसून कंपनीला पत्र लिहिलें. बिल्ल्याचा नंबर, गुरांच्या डॉक्टरांच्या दाखल्यांत असलेला तोच नंबर, बँकेच्या कागदांतलाहि तोच, आणि बिल्ला स्वतः आमच्यापाशीं आहे, असें सारें त्यांत घातलें. इंग्रजी माझें, सही मुलीनें वडिलांच्या नांवाची जागा दाखविली तेथें वडिलांनीं केली. त्यांना सहीपुरतें येतें. तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकविलें, पण त्या भाषेंत मीं लिहिलेल्या मजकुराची कोणाला खरोखर गरज पडली, ती मला वाटतें त्या दिवशींच.

घरीं आल्यावर एक गोष्ट मला चैन पडूं देईना. 'शब्द कोठेंतरी पाहिल्यासारखा वाटला,' असें ती म्हणाली होती. मीं फोन काढून माझे जुने संदेश चाळले. २०२१ च्या डिसेंबरांतल्या एका सकाळचे पांच शब्द. त्यांत चौथा 'रिप्युडिएट'. अर्थ दिलेला: नाकारणें, झिडकारणें. वाक्य दिलेलें: नव्या सरकारनें जुना तह झिडकारला. आणि खालीं, सात वाजून दोन मिनिटांनीं, त्याच मुलीचा अंगठा.

मीं तो संदेश पुन्हां पुन्हां पाहिला. आपल्याकडे अंगठ्याला मोठा इतिहास आहे. सावकाराच्या खतावर, तलाठ्याच्या दप्तरांत, मतपेटीच्या टेबलावर आमच्या वाडवडिलांनीं अंगठे उठविले. पण त्या जुन्या अंगठ्याचा अर्थ निदान प्रामाणिक होता: मला वाचतां येत नाहीं. माझ्या गटावरच्या या नव्या अंगठ्याचा अर्थ काय होता? 'सर, तुमचें पोंचलें. आतां मला जाऊं द्या,' एवढाच. आणि मी तो विद्येची पावती म्हणून मोजीत होतों.

विस्मृतीची ही कथा कांहीं नवी नाहीं. एबिंगहाउस या जर्मन पंडितानें निरर्थक अक्षरें स्वतःच घोकून आणि स्वतःच विसरून तिचें मोजमाप केलें व १८८५ सालीं तें छापलें. पाठ केलेलें पुन्हां पाठ करूं गेल्यास वीस मिनिटांनीं पहिल्या श्रमांपैकीं ५८ टक्के वांचत, दिवस उलटला कीं सुमारें ३४. म्हणजे सकाळीं सातला एकदां दाखविलेला शब्द दुसऱ्या सातला दोनतृतीयांश वाहून जावयाचा, हें मला पुस्तकी ठाऊक असून मी एकदां पाठविलेला शब्द पुन्हां कधीं पाठवीत नसें. यादी वाढली पाहिजे ना! यावर उपाय म्हणून लाइट्नर नांवाच्या जर्मन लेखकानें १९७२ सालीं कप्प्यांची एक पेटी सुचविली: आलेल्या शब्दाची चिठ्ठी पुढच्या कप्प्यांत घालावी व ती अधिक दिवसांनीं पाहावी; न आलेल्या शब्दानें पुन्हां पहिल्या कप्प्यांत यावें. २००६ पासून प्रचारांत असलेला 'अंकी' हा संगणकावरचा कार्यक्रम याच जातीचा. जपानी भाषेंत त्या शब्दाचा अर्थच पाठांतर. हें वाचतां वाचतां मला पडवीची भिंत आठवली, आणि आमटीचा भुरका घेत माझ्या तोंडाकडे पाहणारे वडील आठवले. त्यांनीं लाइट्नरचें नांवहि ऐकलें नव्हतें.

फोनवरून शब्द शिकवितां येतात, याविषयीं मला आतांहि संशय नाहीं. जपानांत थॉर्नटन आणि हाउझर यांनीं विद्यार्थ्यांच्या फोनवर दिवसांतून तीन वेळां लहान लहान पाठ पाठवून पाहिले. तेच पाठ दुसऱ्या मार्गानें मिळालेल्यांपेक्षां फोनवाल्यांना शब्द अधिक आले, असें त्यांनीं २००५ सालीं लिहिलें. बांगलादेशांत बी. बी. सी. नें २००९ सालीं 'जानाला' म्हणजे खिडकी या नांवाची योजना काढली. साध्या फोनवर नंबर फिरविला कीं तीन मिनिटांचा इंग्रजीचा पाठ ऐकूं येई. तीन वेळां, तीन मिनिटें. गंमत त्या 'पुन्हां'मध्यें आहे. मीं मात्र फोन घेतला आणि त्याची भिंत न करतां व्यासपीठ केलें.

त्या पावसाळ्यांत मीं गटावर लिहिलें: उद्यांपासून शब्द मी पाठविणार नाहीं, तुम्हीं पाठवा. अट एकच. तो पुस्तकांतला नसावा. घरांत, शेतांत, दवाखान्यांत, कचेरींत अडलेला असावा, आणि कोणाचें काय अडलें तें सांगावें.

आठ दिवस कोणी हुं कीं चूं केलें नाहीं. मग एका मुलानें औषध फवारण्याच्या डब्याचें छायाचित्र पाठविलें. त्यावरच्या पतंगाच्या आकाराच्या खुणेंत लाल रंग होता आणि खालीं 'अँटिडोट' हा शब्द. लाल खूण सर्वांत जहाल विषाची, मग पिवळी, मग निळी, शेवटीं हिरवी, हें मलाहि त्या दिवशींच नीट समजलें. मग बांध फुटला. ट्रॅक्टरच्या पुस्तकांतलें 'हायपोथिकेटेड'. विजेच्या बिलांतले 'एरियर्स'. एकीच्या आईच्या छातीच्या तपासणीच्या कागदावर 'अनरिमार्केबल' असें लिहिलेलें. आईकडे लक्ष देण्याजोगें कांहीं उरलें नाहीं, असा अर्थ काढून त्या घरानें दोन दिवस चूल धड पेटविली नव्हती. वैद्यांच्या इंग्रजींत तोच शब्द 'कांहीं दोष नाहीं' अशा शुभ अर्थाचा आहे, हें मीं कळविलें, त्यावर मुलीच्या आजीनें म्हणे विचारलें, "मग नीट लिवाया काय हुतं मेल्यांना?" या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नाहीं.

वेस्टच्या दोन हजारांत 'रिप्युडिएटेड' बसत नाहीं, आणि बसूंहि नये. इंग्लंडांत तो शब्द दर माणशीं वर्षांतून किती वेळां लागणार? पण त्या एका घरांत तो त्या वर्षीं मिठाइतका लागला.

आतां माझ्यापाशीं एक वही आहे. आलेला शब्द मी दुसऱ्या दिवशीं विचारतों, मग चौथ्या दिवशीं, मग आठवड्यानें, मग महिन्यानें. उत्तर तोंडी हवें. अंगठ्याला बंदी आहे. मुलें आपला आवाज धाडतात. त्या आवाजामागें कुकरच्या शिट्या असतात, म्हशीचें रेकणें असतें, दूरचित्रवाणीवरची मालिका असते. एका घरीं तर नातीच्या आधीं आजीच मागून अर्थ सांगून मोकळी होते. आणि मुख्य म्हणजे अडखळणें ऐकूं येतें. अडखळला तो शब्द वहींत राहतो. सकाळचे सात मीं सोडले. घरांत फोन एकच, आणि त्या वेळीं तो बापाच्या खिशांतून शेतावर गेलेला असतो. आतां रात्रीं नऊ.

यानें क्रांति वगैरे झाली, असें कोणीं समजूं नये. तिसरा हिस्सा मुलें कांहींच पाठवीत नाहींत. कित्येकांचें रिचार्ज संपलें कीं ज्ञानदानहि संपतें. परीक्षेच्या गुणांत ढिम्म फरक पडलेला नाहीं, आणि आमचे एक सहकारी तो आंकडा मला दरवर्षीं न चुकतां ऐकवितात. माझीहि खोड पुरती गेलेली नाहीं: दर रविवारीं, कोणाच्याहि उपयोगाचा नसलेला एक सुंदर शब्द मी अजून चोरून पाठवितों. गेल्या महिन्यांत 'गोसमर' पाठविला. त्यावर बंदी मोडून तीन अंगठे आले. मीं ते मोजले.

गाईच्या पत्राचें उत्तर त्याच वर्षीं दिवाळीच्या आधीं आलें. रात्रीं साडेआठला माझा फोन वाजला. एस. टी. च्या थांब्यावरून ती मुलगी बोलत होती. पत्र पोस्टमननें वाटेंतच दिलें होतें आणि तिनें तें दिव्याखालीं उभ्यानें वाचलें होतें. "'वी रिग्रेट अवर इनॅबिलिटी टु रिकन्सिडर,' असं आहे, सर. म्हणजे नाहीच म्हणतायत."

"हो," मीं म्हटलें. "वडिलांना मी सांगूं का?"

"सांगितलं मी. शेजारीच उभे आहेत. त्यांचं म्हणणं आहे, याच्या वरचा साहेब कोण असतो? त्याला लिहायचं. कच्चं मी लिहून आणते. तुम्ही फक्त बघा."